काटा काय म्हणतो

मी सध्या पुण्यात एका डॉक्टरीणबाईंची गाडी चालवतो. गाडी हायब्रीड आहे. म्हणजे पेट्रोलही पिते आणि बॅटरीवरही चालते. कधी कशावर, ते तिचं ती ठरवते. समोर एक पडदा आहे. त्यावर हिरवी पानं उमलतात आणि लिटरला किती किलोमीटर तो आकडा येतो. परवा बाई मागून म्हणाल्या, "किती देतेय हो आता?"

"पडदा सव्वीस म्हणतो."

"म्हणतो म्हणजे? देत नाही का?"

"टाकी भरून बघितली की तेवीस निघतात, बाई."

बाई हसल्या. "कमाल आहे तुमची. गाडीवरसुद्धा संशय!"

संशय नव्हे तो. आणि "म्हणतो" हा शब्दही माझा नाही. तो मिस्त्रींचा. पंचवीसेक वर्षं होऊन गेली, पण डॅशबोर्डवर काहीही हललं की माझ्या तोंडात त्यांचाच शब्द येतो.

मिस्त्री म्हणजे नगर जिल्ह्यात, कोपरगावच्या अंगाला एक साखर कारखाना आहे, तिथल्या वाहन विभागाचे मुख्य मिस्त्री. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पगाराच्या दिवशी कारकून नाव पुकारायचा तेव्हा ते स्वतःसुद्धा क्षणभर इकडंतिकडं बघायचे, हा कोण म्हणून. उंच, वाळलेले, सोनईकडचे. खाकी शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं त्यांचा खडू असायचा. रविवारी मात्र पांढरा शर्ट, आणि सायकलवरून चर्चला. चर्चचं अंतर त्यांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजून काढलं होतं. एकदा पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले की देवाचं माप कधी चुकत नाही. बाहेर आल्यावर मिस्त्री त्यांना म्हणाले, "त्याचं चुकतच न्हाई, साहेब. आपलं तेवढं तपासाया पाहिजे."

गाडीत बसले की ते आधी खिशातला हातरुमाल काढून मीटरवर टाकायचे. पहिल्यांदा मी घाबरलो. मी आधीच घाबरट. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी मी गाडी कडेला घ्यायचो.

"मिस्त्री, वेग कसा कळणार जी?"

"रस्ता कळतोय ना? मग बास. बोलनाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसलं की रस्ता दिसत न्हाई."

त्यांच्या लेखी काटा काही दाखवत नसे. काटा म्हणत असे. डिझेलचा काटा "अर्धी टाकी" म्हणायचा, टायरचा गेज "तीस पौंड" म्हणायचा. म्हणू दे की. त्याचं ते मत. त्यांच्या रजिस्टरात प्रत्येक गाडीच्या पानावर खडूसारख्या जाड अक्षरात दोन रकाने होते. एकावर "काटा म्हणतो" आणि दुसऱ्यावर "निघालं". वाहन अधिकारी साहेबांनी एकदा हरकत घेतली की सरकारी तपासणीला असले मथळे बरे दिसत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "मग तुमी सुचवा, साहेब. पन दोन पाहिजेत." साहेबांना दुसरे दोन शब्द सुचले नाहीत. तेच राहिले.

राहुरीकडं जाताना रस्त्यात एक किलोमीटरचा दगड होता. मिस्त्रींच्या मोजणीत तो चाळीस पावलं अलीकडं पुरलेला. त्यांनी बांधकाम खात्याला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग त्यांनी त्या दगडाशी बोलणंच तोडलं. म्हणजे काय, तर बाकीच्या दगडांवरचे आकडे ते मोठ्यानं वाचायचे आणि हा आला की तोंड फिरवून म्हणायचे, "आला खोटारडा." शेतकी अधिकारी साहेब अंगानं भरलेले. जीपचं ॲव्हरेज काढायचं म्हणून मिस्त्रींनी त्यांना एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, वजन किती तुमचं?"

"असेल ऐंशी."

"हे काटा म्हनतो का तुमी म्हनता?"

साहेब तसेच उतरून उसाच्या वजनकाट्याकडं चालत गेले. किती भरलं ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मिस्त्रींना ते "अहो" म्हणायला लागले.

मी भंडाऱ्याकडचा. सहावीत शाळा सुटली. सुटली म्हणण्यापेक्षा भागाकारानं मला बाहेर काढलं. उत्तराच्या मधे टिंब आलं की मला घाम फुटायचा. पुढं ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, असं करत बायकोला आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन इतक्या लांब येऊन पडलो. कारखान्यात बदली ड्रायव्हर म्हणून लागलो, शेतकी खात्याची जीप मिळाली. लॉगबुकात ॲव्हरेज भरायचं, म्हणजे पुन्हा भागाकार. मी पान कोरं सोडायचो. मिस्त्रींनी ते पाहिलं. ओरडले नाहीत. लिटरचं माप घेतलं, पाणी भरलं, आणि ते ओळीनं मांडलेल्या दहा पेल्यांत सारखं वाटलं.

"एक पेला म्हंजे येक टिंब सरकलं. भ्यायचं काय त्यात? टिंब म्हंजे थांबा हाय. येष्टी थांबती का न्हाई? थांबून पुढं जायचं."

सहा वर्षं शाळेत जे कळलं नाही ते त्या दहा पेल्यांत कळलं. घरी जाऊन मी बायकोसमोर तांब्यातलं पाणी वाटून दाखवलं. ती म्हणाली, "पुरे करा जी, प्यायला ठेवा थोडं."

त्यांचा खरा मोठेपणा मला दिसला तो कारखान्याच्या उपाध्यक्षांच्या गाडीपाशी. उपाध्यक्षांनी नवी पेट्रोल गाडी घेतली होती. तिच्यात एक जास्तीचा काटा होता, हिरवा, पिवळा, लाल अशा पट्ट्यांचा. काटा हिरव्यात असला की गाडी पेट्रोल वाचवतेय म्हणे. उपाध्यक्ष सगळ्या यार्डाला तो काटा दाखवत होते. "बघा मिस्त्री, आता तुमच्या रजिस्टराची गरज नाही. गाडी स्वतःच सांगते ॲव्हरेज."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "बंद करा साहेब इंजन."

इंजिन बंद झालं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, काट्याकडं जाणारी एक बारीक रबरी नळी सोडली, शर्टाला पुसली, तोंडात धरली आणि जोरात ओढली. आत उपाध्यक्ष ओरडले, "अहो, हलला! हिरव्यात गेला!"

"गेला का?" मिस्त्रींनी नळी काढली. "बघा. गाडी जाग्यावर, इंजन बंद, आन पेट्रोलचा थेंब न जाळता म्या तुमची बचत केली. हा काटा इंजनाचा श्वास बघतो, साहेब. तुमचा पाय किती जड पडला तेवढं त्याला कळतं. ॲव्हरेजबिव्हरेज त्याला काय म्हाईत?"

उपाध्यक्ष हसले, कारण दुसरं काय करणार. आम्ही सगळे मागं उभे होतो. पोपट ड्रायव्हर, जो कशालाही मान देत नसे, त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाला, "ह्या मानसानं येकदा म्हटलं की ते देवानं म्हटल्यागत हाय राव."

मलाही तसंच वाटायचं. आणि म्हणूनच पुढं जे झालं त्यात मी पूर्ण बुडालो.

माझ्या जीपचं ॲव्हरेज लॉगबुकात दहा यायचं. बाकीच्या तशाच जीपांचं तेरा. मी पेल्यांच्या हिशेबानं भागाकार करून जो येईल तो भरत होतो. बाकीचे काय भरतात याची मला कल्पना नव्हती. पोपट चेष्टा करायचा, "जीप बी भंडाऱ्याची झाली म्हनायची. भात खाती, दुप्पट भूक." चेष्टेवर होतं तोवर ठीक. मग वाहन अधिकारी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, आठ महिने झालेत, तुझ्या कायमच्या नोकरीचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्याच्याखाली हे लॉगबुक आहे. लिटरमागं तीन किलोमीटरचं डिझेल जातं कुठं?

"मी नाही घेतलं जी."

"घेतलं असं मी म्हटलं का? चाचणी घेऊ. मिस्त्री घेतील."

मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी गूळ घेऊन गेलो. मिस्त्री मोजणार म्हणजे झालंच.

चाचणी साधी. कारखान्याच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, राहुरीच्या अलीकडून वळून शंभर किलोमीटर करून यायचं, आणि परत गळ्यापर्यंत भरायची. जितकं मावेल तितकं जळलं. सगळं मिस्त्रींच्या देखत झालं. ते शेजारी बसले, मीटरवर रुमाल, दगड मोजत. परत आलो, माप घेऊन त्यांनी स्वतः डिझेल ओतलं. साडेसात लिटरच्या वर थेंबभर गेलं आणि टाकीच्या तोंडाशी डिझेल आलं. मिस्त्रींनी थांबून पाहिलं. जीप हलवून पाहिली. मग कागदावर लिहिलं, तेरा. खाली सही केली. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या सहीवर कुणी वाद घालणार नव्हतं. दहाच्या गाडीनं तेरा दिले म्हणजे आठ महिने दर शंभर किलोमीटरमागं अडीच लिटर डिझेल मी विकत होतो. दुसऱ्या दिवशी यार्डात कुणी माझ्याशी बोललं नाही. पोपटसुद्धा चेष्टा करीना, तेव्हा मला कळलं की संपलं. साहेब म्हणाले, सोमवारी एम.डी. साहेबांसमोर ये, काय सांगायचं ते सांग. बायकोनं विचारलं, "मिस्त्री असं कसं लिहितील जी?" मी म्हणालो, त्यांनी जे निघालं ते लिहिलं. आणि खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला स्वतःचाच संशय येऊ लागला. टाकी कुठं गळत असेल. रात्री कुणी काढत असेल. मी झोपेत... काहीही. मिस्त्री चुकले असतील हा एक विचार मात्र मनात आला नाही.

मिस्त्री माझ्याकडं आले ते शनिवारी दुपारी. जेवत होतो. समोर उकिडवे बसले.

"खरं बोल. घेतलं का?"

"नाही जी."

"मग गेलं कुठं?"

"मला नाही माहीत जी. तुम्हीच सांगा."

ते उठून गेले.

तासाभरानं मी यार्डात आलो तर पंपासमोर एक गडी पाइपानं फरशी धूत होता. ती काँक्रीटची फरशी त्याच साली नवी टाकलेली. आधी तिथं सपाट मुरूम होता. मिस्त्री बाजूला उभे राहून वाहत्या पाण्याकडं बघत होते. गडी म्हणाला, "सरका मिस्त्री, भिजताल." ते सरकले नाहीत. पाणी पंपापासून गेटाच्या विरुद्ध बाजूला, गटाराकडं धावत होतं. मिस्त्रींनी खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढला, गुडघ्यावर बसले आणि तो फरशीवर ठेवला. छर्रा आधी विचार केल्यासारखा थांबला, मग निघाला, आणि गटारात पडला.

"इकडं ये," त्यांनी मला हाक मारली. आवाज वेगळाच. "चाचनीला निघालो तवा गाडीचं तोंड कुनीकडं हुतं?"

"गटाराकडं जी. वर्कशॉपच्या बाजूला."

"आन परत आलो तवा?"

मी आठवलं. परत आलो तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. नेहमीच्या बाजूनं आत येता येईना म्हणून मी मागून वळसा घालून आलो होतो. "गेटाकडं जी."

मिस्त्रींनी तिथंच बसकण मारली. ओल्या फरशीवर, तसेच. जीपच्या टाकीचं तोंड मागच्या बाजूला. नाक उताराला असलं की टाकीचं तोंड वर येतं आणि टाकी खरंच गळ्यापर्यंत भरते. नाक चढाला असलं की तोंड खाली जातं, पुढच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि टाकी भरायच्या आधीच भरल्यासारखी दिसते. हे त्यांनी मला नंतर समजावलं. तेव्हा ते एवढंच बोलले, "इतकी वर्षं येका काट्यावर इस्वास ठेवला न्हाई. आन जिमिनीवर ठेवला."

सोमवारी एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये मी हात जोडून उभा राहिलो. वाहन अधिकारी साहेबांनी कागद पुढं केला. एम.डी. साहेब सही बघून म्हणाले, "मिस्त्रींची आहे, मग प्रश्नच नाही."

"साहेब," मिस्त्री दारातूनच म्हणाले, "प्रश्न हाय. वाईच पंपावर येता का?"

एम.डी. साहेब पंपावर आले म्हटल्यावर सगळं यार्ड जमलं. जीप गेटाकडं तोंड करून उभी होती. मिस्त्रींनी टाकीच्या काठापर्यंत डिझेल भरलं आणि एम.डी. साहेबांना स्वतः वाकून बघायला लावलं.

"भरली का, साहेब?"

"भरली. काठोकाठ."

"आता वळव," मिस्त्री मला म्हणाले. मी जीप वळवली, तोंड गटाराकडं करून जागेवरच उभी केली. मिस्त्रींनी लिटरचं माप भरलं आणि ओतलं. गेलं. दुसरं भरलं. तेही गेलं. तिसऱ्या मापाला अर्ध्यावर डिझेल तोंडाशी आलं.

"चार पावलं चालली न्हाई ही," मिस्त्री म्हणाले, "आन अडीच लिटर पिली. त्या दिवशी जाताना खाली तोंड हुतं, येताना वर. अडीच लिटर म्याच कमी मोजलं. ते धरून भागा. दहा येतं. पोरगं दहाच भरत हुतं. माझी चूक हाय, साहेब."

एम.डी. साहेबांनी पाहिलं, मान हलवली, आणि मोठ्या मनानं हसले. "ठीक आहे हो मिस्त्री, होतं असं. तो कागद फाडून टाका. विषय संपला."

मला वाटलं सुटलो. मी मिस्त्रींच्या पायाला हात लावायला वाकलो. पण मिस्त्रींनी कागद वाहन अधिकारी साहेबांच्या हातातून घेतला आणि फाडला नाही.

"फाडला तर ह्यो चोरच ऱ्हाईल, साहेब. लोक म्हनतील, वरून मिटवलं."

त्यांनी खिशातला खडू काढला, कागदावर काही उमटेना, मग कारकुनाचं पेन मागून घेतलं. तेराच्या आकड्यावर रेघ मारली, बाजूला दहा लिहिलं, आणि खाली चार ओळी. गाडीचं तोंड उलटं होतं. मोजणाऱ्यानं पाहिलं नाही. ड्रायव्हरची चूक नाही. मोजणारा, आणि पुन्हा सही, पहिल्या सहीपेक्षा मोठी. मग स्वतः जाऊन सूचनाफलकावर तो कागद चार बाजूंनी टाचण्या मारून लावला. एम.डी. साहेब म्हणाले, "अहो, तुमचीच अब्रू..." मिस्त्री म्हणाले, "माझ्याकडं हाय थोडी. ह्याच्याकडं तेवढीच हुती."

माझा कायमचा कागद त्याच आठवड्यात निघाला. पुढच्या महिन्यात बाकीच्या सगळ्या जीपाही एकदम म्हाताऱ्या झाल्या. आजवर ठोकून तेरा भरणारे आता भागून भरू लागले, तेराच्या अकरा, साडेदहा होऊ लागल्या. त्याबद्दल मिस्त्री कुणाला काही बोलले नाहीत, फक्त आकडे उतरवून घेतले.

तो कागद फलकावर पिवळा पडेपर्यंत राहिला. येणाराजाणारा वाचायचा. उसाचे गाडीवानसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि हसायचे. ज्या माणसाच्या शब्दापुढं यार्ड गप्प व्हायचं, त्याला आता कुणीही टोमणा मारू लागलं. आणि सगळ्यात पुढं पोपट. पंपावर गाडी लावली की तो वर्कशॉपकडं तोंड करून मुद्दाम बोंब ठोकायचा, "ओ मिस्त्री! गाडीचं तोंड कुनीकडं करू?"

सगळे हसायचे. मला लाज वाटायची. हे सगळं माझ्यापायी. मी एकदा मिस्त्रींना म्हणालो, पोपटला मी बघतो जी. ते म्हणाले, "काय बघतो? चांगलं इचारतोय त्यो."

आणि ते हातातलं काम खाली ठेवायचे. हात पुसत बाहेर यायचे. जणू कुणी पहिल्यांदाच, मनापासून विचारलंय, अशा चेहऱ्यानं फरशीकडं बघायचे, मग गाडीकडं, मग पोपटकडं, आणि हात लांब करून सांगायचे, "गटाराकडं कर, पोपटराव. तिकडं उतार हाय." मी तिथं होतो तोवर, प्रत्येक वेळी.